चौदा वर्षांच्या मुलीचे साक्षीदार

२००५ साली मी अमेरिकेत, पार्सिपनीत डिपेंडंट व्हिसावर होते, म्हणजे नोकरीला बंदी आणि घर आवरायला मोकळीक. नवरा ऑफिसला गेला की दिवसभर मी आणि व्हॅक्यूम क्लीनर. त्यामुळे शेजारच्या काकूंनी जुने कागद लावायला मदत करशील का असं विचारलं, तेव्हा मी त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही.

काकू अमेरिकनच. पंचाहत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना नावाने हाक मारायची. आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारणं मला काही जमेना, म्हणून मी काकू म्हणायला लागले आणि त्यांना ते आवडलं.

त्यांचे वडील तरुणपणी इंग्लंड सोडून आलेले. तिकडे एका खेड्यात घराण्याचं मोठं दगडी घर होतं; एके काळी आसपासची सगळी जमीन त्या घराकडे होती. तिथला बिनलग्नाचा चुलतभाऊ वारला आणि मृत्युपत्रात त्याने ते घर काकूंच्या नावे केलं. त्यांची एकुलती एक मुलगी मिशिगनला, नोव्हायमध्ये नर्स होती. तिला ते घर हवं होतं. काकू मात्र विकायला निघाल्या होत्या. हे घर पाचशे वर्षं बापाकडून मुलाकडे गेलंय, ते पोरीबाळींचं नाही, हे वडिलांनी त्यांच्या डोक्यात लहानपणापासून भरवलेलं. "मी चुकून मधे आले," त्या म्हणाल्या. "जे माझंच नाही ते मी लेकीला कसं देऊ?" यावरून मायलेकी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. ऑगस्टअखेर विक्रीच्या कागदांवर सही व्हायची होती. त्याआधी एक नीटनेटकी वंशावळ करून ती घरासोबत नव्या मालकाला द्यावी, एवढीच त्यांची इच्छा.

वंशावळ म्हटल्यावर मला चेव आला. माहेरचा जाडजूड कुलवृत्तांत माझ्या कपाटात होता. बापाच्या नावाखाली मुलगे, मुलग्यांखाली त्यांचे मुलगे, हे आखायचं कसं ते मी लहानपणापासून पाहिलेलं. इंग्लंडच्या दफ्तरखान्यातून जुन्या लॅटिन कागदांची इंग्रजी भाषांतरं खोकंभर आली होती. मी गिफ्ट रॅपच्या कोऱ्या बाजूवर चौकटी आखत काकूंच्या डायनिंग टेबलभर मागे मागे सरकले. छापखान्यांच्या आधीचे, बटाट्याच्या आधीचे लोक माझ्या पेन्सिलीखाली येत होते. आमच्याकडे सात पिढ्या सांगता आल्या तरी लोक कौतुक करतात. इथे मी पंधरावी लिहीत होते.

आणि मग माळ तुटली. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा एक घरधनी वारला, त्याला मुलगा नाही. पुढच्या कागदात त्याच आडनावाचा दुसराच कुणी घरात नांदतोय, आणि तो कुणाचा मुलगा हे कुठेच नाही. मी आठवडाभर खोकं उपसलं. नवरा म्हणाला, "अगं, आपल्या कुळातले एवढे शोधले असतेस तर माझे बाबा खूश झाले असते."

काकू शांतपणे म्हणाल्या, म्हणजे आमचा या घराशी संबंधच नसेल. बरं झालं, विकायला सोपं.

मला त्यांचा रागच आला.

त्याच आठवड्यात आईच्या व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरायला मी फोन केला. जन्मतारीख विचारली. "एक जून लिही," ती म्हणाली. "ती मास्तरांनी शाळेत घालताना लावलेली. खरं म्हणजे मी झाले त्या दिवशी आमच्या विहिरीला पाणी लागलं. सगळा गाव सांगायचा."

फोन ठेवला आणि मी काकूंकडे धावले, अक्षरशः स्लिपर घालूनच. कारण खोक्यातली चार पानं मी पहिल्याच दिवशी, पुरती न वाचता, फालतू म्हणून बाजूला टाकली होती. त्यांत कुणी शेतकरी आपला पाय मोडल्याचं सांगत होता. घराण्यातल्या कुठल्याही मुलग्याचं नाव त्यांत नव्हतं, तेव्हा माझ्या कुलवृत्तांताच्या शिस्तीत ती बसलीच नव्हती.

मी ती पानं काकूंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या मेलेल्या घरधन्याला एक मुलगी होती. वारस म्हणून घर तिलाच मिळणार होतं, पण तिला चौदा वर्षं पूर्ण झाली आहेत हे आधी सिद्ध करायला हवं होतं. जन्मदाखले नव्हतेच. म्हणून गावातले बाराजण शपथेवर उभे राहिले. एक म्हणाला, तिचं नाव ठेवलं त्या दिवशी गवताच्या गंजीवरून पडून माझा पाय मोडला, म्हणून लक्षात आहे. दुसरा म्हणाला, त्याच दिवशी मी माझा मुलगा पुरला. तिसऱ्याची गाय त्या सकाळी व्यायली होती. बाराही जणांच्या लक्षात ती मुलगी होती. शेवटच्या पानावर लिहिलेलं: घर तिचं. आणि तिच्याशी लग्न केलं त्याने तिचं आडनाव घेतलं. पुढच्या कागदात घरात नांदणारा तो दुसरा माणूस म्हणजे तिचा नवरा.

एवढ्या शतकांपलीकडून ते बारा शेतकरी माझ्या आजोळच्या माणसांसारखे बोलत होते.

काकूंनी पान माझ्या हातातून घेतलं, पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला. "बाबांना हे माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्यासमोरच नोव्हायला फोन लावला. मला वाटलं आता घराचं सांगतील. त्या म्हणाल्या, "तू झालीस त्या दिवशी इतका बर्फ होता की समोरच्या दूधवाल्याने मला त्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मला पक्कं आठवतंय." मग दोघी एकदम बोलायला लागल्या आणि मी दार हळूच लावून घरी आले.

सही झाली नाही.

मी घरी येऊन कपाटातला कुलवृत्तांत काढला. बाबांच्या नावाखाली छापलं होतं: कन्या दोन. तेवढंच. मी आईला पुन्हा फोन केला, भारतात तेव्हा मध्यरात्र असेल याचं भानही राहिलं नाही. मी झाले त्या दिवशी काय झालं होतं, विचारलं. मग पेन घेतलं आणि त्या दोन शब्दांशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: थोरली झाली त्या दिवशी वडिलांची सायकल पंक्चर झाली, ते दवाखान्यापर्यंत पळत आले. साक्षीदार, आई.