साडेतीनला घरी जाणारी बाई

"चपला बाहेर काढ." साहेबांनी मान वर न करता सांगितलं. ऑफिसात तिघं बसलेले, तिघांच्याही पायात बूट. मी एकटी अनवाणी उभी.

अंबडच्या एका कारखान्यात मी ठेक्यावर होते, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर. गाव माझं पेठच्या पुढं, डोंगरात. त्या दिवशी पाहणीवाली मॅडम आली होती, टॅब घेऊन. कामगार आठवड्याला किती तास राबतात ते लिहायला. नमुन्याला म्हणून मला बोलावलं. लाईनवर चाळीस बाया, मग मीच का? मला तिथंच शंका आली. मी कमी बोलते, म्हणून.

मॅडम म्हणाली, "ताई, गेल्या आठवड्यात किती तास काम केलं?"

मी तोंड उघडायच्या आत साहेबच बोलले. "अठ्ठेचाळीस लिहा. हिला काय विचारता मॅडम? डोंगरातल्या बायका या. दिवस उगवला, दिवस मावळला, एवढंच घड्याळ यांचं."

तिघंही हसले. मॅडमसुद्धा. हसत हसतच तिनं टॅबवर बोट टेकवलं. मी बाहेर येऊन चपला घातल्या.

अहो, दहावी पास मी. गणितात एकसष्ट मार्क. बारा सक बहात्तर मला येत नाय व्हय? सकाळी सात ते संध्याकाळी सात, सहा दिवस. पण आमच्याकडं रीत अशी, की साडेतीनला सुपरवायझर ओरडणार, "चला, अंगठे!" सगळ्या बाया ओळीनं हजेरीच्या मशीनवर अंगठा देणार, म्हणजे मशीनच्या लेखी सुटी, जेवणाचा अर्धा तास कापून दिवसाचे आठच तास. आणि आम्ही माघारी वळून पुन्हा प्रेसवर. सातला जाताना अंगठा नाय. तीन वर्षं मीही दिला. का म्हणून विचारलं नाय कधी. चूक माझीही हाय.

म्हणजे कागदावर माझ्या नावाची एक बाई होती. रोज साडेतीनला घरी जायची ती. पोरांजवळ बसत असेल, घटकाभर पाठ टेकत असेल. मला तिचा लय राग येतो.

पुढच्याच महिन्यात सुनंदाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. माझ्या शेजारच्या मशीनवरची सुनंदा, घोटीकडची. सहा वाजून गेले होते. माझ्याच ओढणीत तिचा हात गुंडाळला, रिक्षात घातलं तिला. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला, तर साहेबांनी त्याच्यापुढं हजेरीचा कागद धरला. "हे बघा, तुमची बायको साडेतीनलाच गेलेली. बाहेर कुठं लागलं असेल, आम्हाला काय माहीत?"

बाहेर! रक्त माझ्या ओढणीला, आणि ती कंपनीत नव्हतीच म्हणे. माझं टाळकंच सटकलं. ते अठ्ठेचाळीस कशाला लिहून घेतले, ते आत्ता कळलं. तो आकडा टॅबातून पुढं जाणार, त्याची सरासरी निघणार, आणि कुणीतरी वाचणार की इथल्या बाया बेतानं काम करतात. मॅडमला हे माहीत होतं का? देव जाणे. आता पेपरात कामाच्या तासांचा आकडा दिसला, की मला आधी वाटतं, तो सांगताना खोलीत साहेब कोण बसला होता?

त्याच दिवशी साडेतीनला हाक आली, "चला, अंगठे!" मी मशीनपाशी गेले आणि मूठ आवळून उभी राहिले.

"काय गं, झोपलीस का?" सुपरवायझर.

"दादा, अंगठा दिला की मी घरी जाणार. काम पाहिजे तर अंगठा सातला."

"लय शहाणी झालीस? उद्यापासून गेट बंद."

"करा."

मागं कुजबुज झाली. पुढं कुणी आलं नाय, खोटं कशाला सांगू?  पण मी सातपर्यंत प्रेस चालवला, मग अंगठा दिला, आणि मशीनवरच्या वेळेचा मोबाईलवर फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी गेट बंदच होतं.

सुनंदानं आता दावा लावलाय. साक्षीला मी जाणार. साहेबांनी गेल्या आठवड्यात माणूस पाठवला होता, परत कामावर घेतो म्हणून. मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. कोर्टात विचारतील, सहा वाजता सुनंदा कुठं होती? सांगणार, माझ्या शेजारी. आणि त्या वेळी कागदावर घरी गेलेली मी खरी कुठं होते, तेही सांगणार.