मंगळसूत्राचा मान राखणाऱ्या डॉ. कुंदाताई

डॉ. कुंदाताईंची पहिली ओळख झाली ती पिपरी मेघे या आमच्या गावच्या देवळात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वाण घेऊन त्यांनी जायची घाई केली नाही. आम्हा बायकांत बसून त्या स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल बोलू लागल्या. देवळात हा विषय! आम्ही माना खाली घातल्या. ताई मात्र तिळगुळाची कृती सांगावी इतक्या सहज बोलत होत्या.

बचत गटाचा हिशेब माझ्याकडे, म्हणून ताईंच्या साठीनिमित्त लिहिणंही माझ्याकडे आलं. मॅट्रिक झालेली बाई मी; शब्द जपूनच खर्च करते.

त्या दिवशी नीट ऐकलं ते माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, वत्सलाबाईंनी. मी लग्न होऊन आले तेव्हा देवपूजा, काटकसर, सगळं त्यांनीच शिकवलं मला. त्यांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे फोटो, करून घेतली, पण फोटोत काही उलगडेना. ते सांगायला ताई घरी आल्या. मी वाती वळत होते. ताईंनी माझ्या पुढ्यातला कापूस हातात घेतला.

"ह्या ढिगात फुलवात पडली तर दिसेल का? स्तन आतून दाट असले की फोटो पांढरा येतो, आणि गाठही पांढरीच. म्हणून सोबतीला सोनोग्राफी करू. नवं यंत्र आहे, आपोआप फिरतं."

यंत्राच्या खोलीत फक्त बायकाच. ताईंची शिस्तच तशी. पण ताईंनी गळ्यातलं काढायला सांगितल्यावर जाऊबाई उठून बसल्या.

"मंगळसूत्र काढाले लावसान, त मी चालली घरी!"

"काढू नका. वर घ्या आणि दातांत धरा."

"मंग मी बोलू कशी?"

"बोलायचंच नाही. हलायचंही नाही."

मी म्हटलं, "डॉक्टरबाई, इतक्या वर्षांत यांना गप्प बसवणं आमच्यानं जमलं नाई!" जाऊबाईंना हसू फुटलं आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून फिरवावं लागलं.

त्या चित्रांत लहानशी गाठ दिसली. सुईने तपासली, ती कर्करोगाचीच निघाली. त्या संध्याकाळी मी देवापुढे बसले, पण रोजच्या आरतीचे शब्द आठवेनात. तेवढ्यात ताई आल्या, शेजारी बसल्या आणि त्यांनी आरती म्हटली. आवाज अगदी बेसूर. मला मात्र तेव्हापासून तीच चाल गोड वाटते.

ऑपरेशन झालं, औषधं झाली, जाऊबाई बऱ्या झाल्या. यंदा ताईंच्या तपासणी शिबिरात कारंजा गावच्या बाया यंत्राला घाबरल्या, तेव्हा ताई स्वतःच आधी टेबलावर आडव्या झाल्या. त्या समजावून सांगू लागणार, तोच जाऊबाईंनी ताईंचं मंगळसूत्र अलगद वर घेतलं.

"धरा दातात. अन् आता तुमी बोलू नोका."

ताईंना हसू आवरेना. यंत्र पुन्हा पहिल्यापासून! देवाची कृपा, ताईंची चित्रं स्वच्छ आली.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. दिवा लावताना जाऊबाई रोज हेच मागतात. त्यांचं मागणं फार लांबतं. आता मी त्यांना थांबवत नाही.