बान म्हणजे सुभेदार

माझा थोरला क्रोएशियात बेकरीत कामाला आहे. कराडच्या बाजारात कुणाला हे सांगितलं की हमखास विचारतात, "रशियात का?" मीही आता समजावत बसत नाही. गेल्या वर्षी एकदा व्हिडिओ कॉलवर त्यानं मला तिथला मोठा चौक दाखवला. मधोमध घोड्यावर बसलेला माणूस, हातात उपसलेली तलवार.

"आये, ह्यो हितला बान."

"बान? मग धनुष्य कुठाय?"

आमच्याकडं बाणाला बानच म्हणतात, माझं काय चुकलं? पोरगं पोट धरून हसलं. "आगं, बान म्हंजी हुद्दा. राजाच्या वतीनं मुलूख सांभाळणारा. आपला जुन्या काळचा सुभेदारच म्हण की."

सुभेदार म्हटल्यावर मी फोन डोळ्यांजवळ आणला. आमचे हे सुभेदारच होते, फौजेतले. बर्फातल्या एका चौकीवर कामी आले. गावानं चौकात चबुतरा बांधून त्यांच्या नावाचा काळा दगड बसवला. तो दगड त्याच आठवड्यात कंत्राटदाराच्या माणसांनी पहारीनं उचकटून गटाराच्या कडेला टाकला होता. चौकात कमान होणार होती, एका पुढाऱ्याच्या नावाची. मी सरपंचाकडं गेले तर म्हणतो कसा, "आवं काकी, शाळंच्या मागं लावू की. दगूड कुठंबी दगूडच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या ट्रॅक्टरमधून दगड घरी आणला, धुतला आणि ओसरीत ठेवला.

पोराला म्हटलं, "त्या सुभेदाराचं सगळं सांग मला." तो वाचून वाचून सांगायचा. बान सरदार घराण्यातला, बापही फौजेतला मोठा अंमलदार. पोराला लहानपणीच व्हिएन्नाच्या लष्करी शाळेत घातलं. तलवार चालवायचा आणि कविताही करायचा, कमाल आहे! सरहद्दीवरच्या पलटणीत राहिला, शिपाई त्याच्यावर जीव टाकायचे. कुळांना जमीनदाराच्या रानात फुकट राबावं लागायचं, ती वेठ बान झाल्यावर त्यानं बंद केली. स्वतः सरदार असून! तिथं मला माणूस आवडला. मग व्हिएन्नाच्या बादशहासाठी नदी ओलांडून शेजाऱ्यांशी लढला. ते शेजारी त्याला अजून चांगलं म्हणत नाहीत, ते त्यांचं ते बघतील. पण बादशहानं तरी काय दिलं? शेजाऱ्यांवर शिक्षा म्हणून जी हुकमत लादली, तीच बानाच्या लोकांना बक्षीस म्हणून दिली. झिजून झिजून गेला बिचारा. लोकांनी पुतळा उभारला, तर पुढच्या एका राज्याच्या डोळ्यांत तो खुपला. त्यांनी तुकडे करून हलवला. कुणीतरी ते तुकडे एका तळघरात जपले आणि चाळीसेक वर्षांनी पुतळा परत त्याच चौकात उभा राहिला.

हे सगळं मी ग्रामसभेत उभी राहून सांगितलं. बायका कान देऊन ऐकत होत्या. सरपंच मात्र हसला. "मग काकी, तुमीबी दगूड तळघरात ठिवा की चाळीस वर्सं." सभेत हशा पिकला. मला रडू यायला पाहिजे होतं, पण डोकंच फिरलं.

"माझ्या घरात तळघर न्हाई," मी म्हटलं, "आन् माझ्यापाशी चाळीस वर्संबी न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन पाट्या वाळू आणि सिमेंटचं अर्धं पोतं घेऊन चौकात गेले. माल कालवला. दोन जावा मदतीला आल्या, तिघींनी मिळून दगड जुन्या जागी बसवला. मग प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मी समोर बसले. कंत्राटदाराची माणसं पहारी घेऊन आली, मागोमाग बुलेटवर सरपंच.

"काकी, ही सरकारी जागा हाय."

"माझा माणूसबी सरकारी कामावरच गेला."

"काढा रं त्यो दगूड," तो माणसांना म्हणाला.

"काढा की," मी म्हटलं. "पर आदी त्याच्यावरचं मोठ्यानं वाचा. मग काढा."

सरपंचानं तोंड फिरवलं. माणसांतला एक जण, जतकडचा असावा, पुढं झाला. एकेक अक्षर लावत त्यानं वाचलं. हुद्दा, नाव, पलटण. मग खालची ओळ. "वय... एकेचाळीस." त्यानं पहार खाली ठेवली.

"सायेब, मला न्हाई हुयाचं. दुसरं कुणी बघा."

सरपंचानं बाकीच्यांकडं बघितलं. एकही पुढं आला नाही. ओल्या सिमेंटवर बोटांचे ठसे उमटले होते, माझे आणि जावांचे. ते वाळेस्तोवर मी खुर्चीवरून उठले नाही.