डाळ विहिरीची, तांब्या हापशाचा

डॉक्टरांनी माझा घोटा दाबून पाहिला आणि म्हणाले, "गिनी वर्म."

"म्हंजी नारूच न्हवं?" मी म्हटलं. "त्यो तर आमच्यात घराघरात हाय."

नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत. तो कातडीखाली वाढतो, मग फोड येतो, फोड फुटतो आणि जंताचं टोक बाहेर डोकावतं. आमच्या गावात त्यासाठी कुणी दवाखान्यात जात नव्हतं. मीही गेले नसते. पण माझ्या जाऊबाईंना दम नव्हता. त्यांनी टोक धरून हिसका दिला, नारू आत तुटला आणि पाय उखळाएवढा सुजला. तापही भरला. म्हणून मालकांनी बैलगाडीत घालून मला तासगावच्या दवाखान्यात आणलं. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता.

"पाय कापायचा का?" मी सरळ विचारलं.

"नाही. पण घाई केलीत तर सांधा आखडेल."

घाई तर मला होतीच. माझी थोरली लेक हौसा आष्ट्याला दिलेली. तिला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. मीच आडवी पडले, तर तिचं करणार कोण?

इंजेक्शनं सुरू झाली. अँटिबायोटिक, म्हणजे जखम चिघळू न देणारं औषध. सूज उतरल्यावर तुटलेलं टोक पुन्हा बाहेर आलं. नर्सबाई ते काडीला गुंडाळायच्या. रोज थोडं, सुतासुतानं. ताण बसला की थांबायच्या. ज्याला हा रोग होईल त्यानं ध्यानात ठेवावं, नारू ओढायचा नसतो, गुंडाळायचा असतो. दुखतं. ओरडायचं असेल तर ओरडावं, पाय मात्र हलवू नये.

एकदा डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"हिरीचं. पायऱ्यांची हीर हाय. लय ग्वाड पाणी."

त्यांनी मालकांकरवी त्या पाण्याची बाटली मागवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आत पांढरे ठिपके उड्या मारत होते. "सायक्लॉप्स," डॉक्टर म्हणाले. म्हणजे पाण्यातली पिसू. तिच्या पोटात नारूची पिल्लं असतात. पाण्याबरोबर आपण ती गिळतो आणि वर्षभरानं नारू बाहेर येतो. फोड आला की पाय आग आग करतो. म्हणून आम्ही विहिरीच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायचो. गार वाटायचं. तिथंच नारू नवी पिल्लं टाकायचा. थोडक्यात, आम्ही नारू पीत होतो आणि परत विहिरीत पेरत होतो.

"गावात दुसरं पाणी नाही?"

"हापसा हाय की, दुष्काळात बसवलेला. त्याचं पाणी म्हशींस्नी."

"म्हशींना का?"

"त्यात डाळ शिजत न्हाई."

आमच्याकडं पाण्याची परीक्षा डाळीवर. तूरडाळ मऊ शिजली की पाणी चांगलं. हापशाच्या पाण्यात डाळ कितीही खदखदू द्या, दाणा न् दाणा वेगळा.

डॉक्टर खो खो हसले. "मावशी, तुमच्या म्हशींना कधी नारू झालाय?"

 शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसून हसून खोकायला लागली.

थोड्या दिवसांनी हौसाला घेऊन विहीणबाई भेटायला आल्या. पाय बघितला, काडी बघितली आणि तोंडाला पदर लावला.

"आवं इहीणबाई, आमी नदीकाठची माणसं. ह्या पोरीनं तुमच्यात येऊन प्यायचं काय? किडं? बाळातपण आमच्यातच करू."

हौसा खिडकीशी उभी होती. नखानं गज खरवडत राहिली. पहिलं बाळंतपण सासरी झालं असतं तर तिला जन्मभर टोमणे खावे लागले असते. ते मला नारूपेक्षा जास्त टोचलं.

त्या गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "पाणी उकळल्यावर ही पिसू जगती का?"

"उकळल्यावर कोण जगतं, मावशी?"

मग झालं तर. डाळ कच्ची कोण खातं?

काडी घोट्याला बांधूनच घरी आले. विहिरीची घागर चुलीशी ठेवली, डाळीपुरती. प्यायला हापशाचा रांजण. मालक म्हणाले, "खारट लागतंय."

"म्हशी पित्यात न्हवं गुमान?" मी म्हटलं.

काम होत नव्हतं, म्हणून विहिरीच्या तोंडाशी पाय पसरून बसायची. फोड आलेला पाय घेऊन कुणी उतरायला लागलं की ओरडायची, "फिर माघारी! घागर दुसरं कोनतरी भरंल!" लोक आधी वैतागले, मग ऐकायला लागले. नारूचं शेवटचं टोक बाहेर आलं तेव्हा मी जाऊबाईंना लांबूनच दाखवलं. हात लावू दिला नाही.

आता आपल्याकडं नारू उरला नाही. त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार मी विसरले नाही. नारू गेला, पण कावीळ आहे, विषमज्वर आहे. म्हणून सांगते, जिभेला विचारून पाणी पिऊ नका. जिभेला गोड तेवढंच कळतं.

एकदा येऊन आमचं पाणी बघून जा, असा मी विहीणबाईंना निरोप धाडला होता. हौसाचा सातवा सरायच्या आत त्या स्वतः तिला घेऊन आल्या. यष्टीच्या थांब्यापासून बैलगाडी केली होती. हौसाची पेटी त्यांनी गाडीतच ठेवायला लावली. मी भात आणि वरण वाढलं. त्यांनी तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट हाय वो."

"खारट हाय, पर एकलं हाय," मी म्हटलं. "त्यात दुसरं कोन न्हाई."

विहीणबाईंनी बोटानं डाळ चेपून पाहिली. लोण्यासारखी. भात कालवला, जेवल्या, वरण पुन्हा मागून घेतलं. मग हात धुतला आणि अंगणातल्या गाडीवाल्याला हाक मारली,

"आरं ए, पेटी उतरीव."