धुतलेली कमान

नवरा गेल्यावर मुलगी झाली. तिनं थोडं बाळसं धरल्यावर मला त्याच्याच ऑफिसात काम मिळालं, नकाशांच्या रेकॉर्ड रूममध्ये. भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याचं नवं गाव वसत होतं; जिकडे बघावं तिकडे खोदकाम, आणि त्या सगळ्याचे नकाशे आमच्या खोलीत. क्वार्टर्स, दवाखाना, शाळा, कॉलेज. मी गुंडाळ्यांवरची लाल धूळ पुसायची. सकाळी पुसली की दुपारी पुन्हा हजर. धुळीला दुसरा धंदा नव्हता, आणि मलाही.

नवरा ट्रेसर होता. आर्किटेक्टनं कागदावर काढलेलं तो खळ दिलेल्या तलम कापडावर काळ्या शाईनं उतरवायचा. त्यावरून मग निळ्या प्रती निघत. कॉलेजच्या दारावरची कमान हे त्याचं शेवटचं काम. "एका दमात ओढा लागते," तो जेवताना सांगायचा, "कंपासचं टोक हाललं का कमान गेली." इतक्यांदा सांगायचा की मी म्हणायची, "मंग कमानीसंगच लगन कराचं होतं ना!" पुढे कावीळ झाली आणि उन्हाळा संपायच्या आत तो गेला. आमच्या वस्तीतल्या, कॅम्प एकमधल्या बाया म्हणत, "रड वो बाई, मोकळी होय." रडू येईना. बाई दगडाच्या काळजाची आहे, असं त्यांना वाटलं असेल. मलाही तसंच वाटायचं. जेवत होते, झोपत होते, पोरीला पाजत होते. आत काही हलत नव्हतं.

त्याचा एकही फोटो नव्हता. होतं ते त्या कमानीच्या कापडावर. कोपऱ्यातल्या चौकटीत आर्किटेक्टची ऐसपैस सही, आणि तिच्याखाली मुंगीएवढी त्याच्या नावाची अक्षरं. हातात काम नसलं की मी ते उघडून बघायची. काही वाटायचं नाही, तरी बघायची.

मग कॉलेजची कमान रद्द झाली. वरच्या साहेबांना सरळ छज्जाच बरा वाटला. नवा नकाशा आला, जुन्यावर लाल शिक्का पडला. आता आमच्या ऑफिसची रीत अशी की रद्द झालेला कपडा फेकायचा नाही. ऊन पाण्यात भिजवला की खळ सुटते, तिच्याबरोबर शाई जाते आणि हाती पांढरंशुभ्र, मऊ कापड येतं. स्टाफची सगळी बाळं रद्द झालेल्या इमारतींच्या झबल्यांत वाढली. कुणी पाण्याची टाकी घालून रांगायचं, कुणी पोस्ट ऑफिसवर दूध ओकायचं.

रेकॉर्ड सांभाळणारे काका वर्ध्याकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना म्हटलं, "काका, तो कॉलेजचा कपडा कोणाले देऊ नका. मले पायजे."

नवऱ्याची अक्षरं हवीत, असं म्हणायला जीभ रेटली नाही.

"तुह्याशिवाय कोणाले देतो, पोरी?" काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पिशवीतून एक घडी काढून माझ्या हातात दिली. इस्त्री केलेली. "तुह्या काकूनं धुवून देल्ला. थंडीचे दिवस, लेकरू अंगावर, तू कुठं पानी तापवत बसशीन? मोठा तुकडा हाय, दोन झबले निघतीन."

त्यांचा चेहरा नुसता खुलला होता. अशा माणसाला काय बोलणार? "काकूले सांगा, लय चांगलं झालं," मी म्हटलं आणि गुंडाळ्या पुसायला लागले.

घरी येऊन कापड उलगडलं. चौकट नाही, अक्षरं नाहीत. आर्किटेक्टची सहीही गेली होती, तेवढाच न्याय. पोरीला थंडीत कपडा लागणारच होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी शिवायला बसले. माप घेताना कापड दारातल्या उन्हासमोर धरलं, आणि मधोमध एक भोक दिसलं. सुईच्या टोकाएवढं. कमान ओढायला त्यानं कंपासचं टोक रोवलं होतं, ते इथे. चांगलंच दाबून रोवलं होतं. हात जडच होता त्याचा, तांब्या खाली ठेवला तरी शेजारी ऐकू जायचा.

मुलीला सांभाळायला आलेली माझी आई जवळच बसली होती. तिनं वाकून पाहिलं. "भोक हाय वो त्याच्यात. रफू करून घे, नाही तं फाटन."

"राहू दे," मी म्हटलं आणि त्या भोकावर बोट ठेवलं. आईनं माझ्या हातातली सुई काढून घेतली. पोर नुकती झोपली होती; माझ्या रडण्यानं ती जागी झाली.