शकुंतलाताईंनी शिकवलेली बंधुता

प्रा. शकुंतलाताई हिवाळे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते भोकरदनच्या महाविद्यालयात, राज्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला. जीप रस्त्यात बंद पडल्यामुळे मी धापा टाकत वर्गाच्या दारात उभी होते. ताईंनी शिकवणे थांबवले, मला आधी पाणी प्यायला लावले आणि कुठून येतेस म्हणून विचारले. गावाचे नाव ऐकल्यावर त्यांनी सुरू केलेला विषय माझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून घेतला. विषय होता राज्यघटनेचा सरनामा.

घनसावंगीला काही वर्षे नोकरी करून ताई आमच्या तालुक्यात आल्या होत्या. माहेर पिंपळगाव रेणुकाईचे, घरात वडिलांच्या पिढीपासून बौद्ध धम्म. घटनाकारांचा विचार त्यांना वारशाने मिळाला होता. पण वारशाने मिळालेली गोष्ट तपासून घ्यावी लागते, असे त्या स्वतःच सांगत. स्वातंत्र्य आणि समता कायद्याच्या बळावर मागता येतात, बंधुता मात्र माणसांनीच एकमेकांना द्यावी लागते, आणि ती नसेल तर पहिली दोन्ही फार काळ टिकत नाहीत, हे त्यांनी त्या तासाला समजावले. मी ते परीक्षेपुरते लिहून घेतले. त्याचा अर्थ मला पुढे माझ्याच घराच्या शेतात कळायचा होता.

परीक्षेच्या दिवसांत गावाकडची जीप वेळेवर मिळत नसे. ताईंनी मला आपल्या घरी राहायला बोलावले. पहिल्या दिवशी ताट वाढताना त्या म्हणाल्या, “घरी विचारतील, कुठं जेवलीस म्हणून. खरं सांगायचं. लपवून जेवायचं असेल तर मी वाढणार नाही.” मी घरी खरे सांगितले. भाऊ, म्हणजे माझे वडील, ऐकून शेताकडे निघून गेले. आईने मात्र पुढच्या खेपेला ताईंसाठी शेतातली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. त्या दोघींची ओळख झाली ती अशी.

दुसऱ्या वर्षी श्रावणात मी ताईंकडेच होते, तेव्हा आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतून त्यांना फोन आला. त्या वस्तीची स्मशानभूमी आमच्या शेतापलीकडे, नदीकाठी. वस्तीतले लोक वर्षानुवर्षे आमच्या बांधावरून तिकडे जात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वस्तीशी भांडण झाले आणि भाऊंनी व माझ्या चुलत्यांनी ती वाट काटेरी तारेने बंद केली. दुसरा रस्ता नदीच्या पात्रातून होता आणि नदीला पूर आला होता. वस्तीतले माणूस वारले होते. तिरडी तारेपाशी खाली ठेवून लोक भर पावसात उभे होते आणि तारेच्या अलीकडे आमच्या घरचे पुरुष. पोलिसांना कळवले होते, ते अजून पोचायचे होते.

ताई आणि मी जीपने गावात उतरलो. मला वाटले, त्या थेट शेताकडे जातील. त्या आमच्या घरी आल्या. आई चुलीपुढे बसली होती. शेतात काहीतरी तंटा चाललाय एवढेच तिला माहीत होते. ताई तिच्याजवळ खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “कौसाबाई गेल्या. तुम्हाला कुणी सांगितलं का?”

आईला कुणीच सांगितले नव्हते. कौसाबाई आणि आई कितीतरी वर्षे कपाशीच्या एकाच पट्टीत शेजारी शेजारी खुरपत आल्या होत्या. मी पोटात असताना आईला शेतातच कळा सुरू झाल्या, तेव्हा कौसाबाईंनीच तिला सावरले होते आणि माझा जन्म त्यांच्याच हातून झाला होता. ही गोष्ट मी ताईंना पूर्वीच सांगितली होती.  आईने चुलीतले लाकूड मागे ओढले, डोक्यावर पदर घेतला आणि चिखल तुडवत निघाली. ताई तिच्या मागून चालत होत्या. त्यांनी वाटेत तिला काहीही शिकवले नाही, सांगितले नाही.

आई भाऊंच्या समोर उभी राहिली. “कौसाबाई हाय ती,” ती म्हणाली. “माझी पोर तिच्या हातावर जल्मली. तार काढा.”

एक चुलते तावातावाने बोलायला लागले. आई त्यांच्याकडे वळली नाही, भाऊंकडेच बघत राहिली. भाऊंनी तिरडीकडे पाहिले. मग वाकून त्यांनी खांबाची तार सोडवायला सुरुवात केली. पलीकडून वस्तीतले दोघे पुढे झाले आणि त्यांनी तारेचे दुसरे टोक धरले. आई तिरडीमागून थेट नदीकाठापर्यंत गेली. पोलीस आले तेव्हा तिथे विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

गावाने आईचे कौतुक केले. मीही हरखून गेले होते. पण ताई वस्तीतल्या माणसांना घेऊन तहसीलला गेल्या आणि त्या वाटेची नोंद व्हावी म्हणून अर्ज दिला, तेव्हा मला वाईट वाटले. आता अर्ज कशाला, वाट तर दिलीच ना, असे मी त्यांना विचारले.

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्या आईच्या मायेवर आमची वाट ठेवायची न्हाई, बाळा. उद्या त्या नसल्या तर? वाट हक्काचीच पाहिजे. पण नुसत्या हक्कानं गेलो तर दोन्हीकडची माणसं नजर चुकवत राहतील. तेवढ्यासाठी तुझी आई पाहिजे.”

सरनाम्यातले ते तीन शब्द एकमेकांना कसे धरून आहेत, हे मला त्या दिवशी समजले. भाऊंची संमती घ्यायला ताई स्वतः आमच्या घरी पुन्हा पुन्हा आल्या. भाऊ आधी टाळत राहिले. दिवाळीनंतर त्यांनी सही केली. ते चुलते अजूनही आमच्याशी बोलत नाहीत. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. वाट मात्र नकाशावर आहे.

आज मी त्याच महाविद्यालयात शिकवते. विद्यार्थ्यांच्या हातात फोन आहेत आणि फोनमध्ये ज्याच्या त्याच्या जातीचे ग्रुप. ताई निवृत्तीनंतरही रविवारी अभ्यासवर्ग घेतात. धावडा गावच्या एका विद्यार्थ्याने तिथे विचारले, की घटनाकारांच्या विचारांचे आता काय काम राहिले? ताईंनी त्याला, वर्गातल्या किती जणांच्या घरी तू जेवलास, एवढेच विचारले. त्याने नावे घेतली. सगळी त्याच्या भावकीतली निघाली. त्याचे त्यालाच ते जाणवले. “मंग पुढच्या रविवारी माझ्याकडं ये,” ताई म्हणाल्या. तो आला, आणि येताना मित्रालाही घेऊन आला.

पंचाहत्तरी गाठणाऱ्या ताईंचे गुडघे आता दुखतात. चढ आला की त्या आमच्या खांद्यावर हात ठेवतात, आणि तो हात असाच पुष्कळ वर्षे आमच्या खांद्यावर राहावा, एवढेच आम्हा विद्यार्थ्यांचे मागणे आहे. हा लेख लिहायला बसले तेव्हा आईला विचारले, तुझ्याकडून काय लिहू? ती म्हणाली, “बाईंना म्हणावं, दवापाणी बराबर करा. तुम्हाला आमच्या घरी अजून लई दिवस यायचंय.”