जायपुरते पॉइंट

विमान कंपनी कोणाला काही फुकट देईल, यावर माझा आजही विश्वास नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पण सारा जन्म संत्रा विकण्यात गेला. व्यापारी शंभर फळांवर चार फळं वरून मागतो. मी ती हसत देत आलो, कारण भाव सांगतानाच ती चार मी त्यात धरलेली असत. विमानाचे पॉइंट तसलेच. इथं फक्त देणारा मी नव्हतो.

पॉइंट जमले ते बायकोच्या आजारपणात. पोरगी बंगलोरला नोकरीला, तिथला डॉक्टर तिनंच धरला. दोन वर्षं आम्ही म्हातारा-म्हातारी सौंसरहून बसनं नागपूर आणि तिथून विमानानं बंगलोर, अशा खेपा करत राहिलो. पोरीनं कंपनीत आम्हा दोघांची वेगवेगळी खाती उघडून दिली. जितकं उडाल तितके पॉइंट, आणि पुरेसे झाले की एक तिकीट फुकट. बायको खूश. मी म्हटलं, "माणूस बिमार पडला म्हणून बक्षीस देतात, हे काही बरं लक्षण नाही."

"तुमाले तं जामसांवलीच्या प्रसादातही खोट दिसते," ती म्हणाली.

एक फायदा मात्र मानतो. बऱ्याच खेपा झाल्यावर चांदीच्या रंगाचं कार्ड आलं. ते दाखवलं की नागपूरला वेगळ्या, आखूड रांगेतून सोडायचे. तेव्हा बायकोला दहा मिनिटंही उभं राहवत नव्हतं. त्या रांगेपायी मी कंपनीला शिव्या देणं थोडं कमी केलं.

ती गेल्याला आठ महिने झाले होते. तिचा मोबाइल मी अजून चार्ज करतो. त्याच्यावर तिच्या नावानं मेसेज आला, हिंदीत. तुमची आठवण येते, पॉइंट संपायच्या आत पुन्हा उडा. माझं डोकंच फिरलं. कंपनीला फोन लावला आणि सांगितलं, "वो बाई मर गई." तिकडच्या पोरीनं दुःख झाल्याचं सांगितलं, मृत्यूच्या दाखल्याचा फोटो मागितला आणि त्याच दमात विचारलं, "और कोई सेवा?"

बँकेत, रेशनच्या दुकानात तिचं नाव कमी करायला मला महिनोन्महिने चकरा पडल्या. इथं चार दिवसांत खातं बंद, पॉइंट साफ. नियमच तसा आहे म्हणे. दुखत्या कंबरेनं विमानाच्या त्या खुर्चीत बसून तिनं कमावलेले पॉइंट.

पोरगी फोनवर भडकली. "बाबा, तुमाले सांगाची काय गरज होती? दोघांचे मिळून तुमचं जायचं-यायचं तिकीट होत होतं!"

"तुही माय जिती आहे असं दाखवून विमानात बसू काय मी?"

"आता तुमचे एकट्याचे उरले. ते एका बाजूपुरतेच पुरतात. तरी काढते मी. या तुमी इकडं."

"अन् वापस?"

"वापसचं पाहू न मंग. घाई काय आहे?"

इथं मला शंका आली. कंपनीचा डाव कळत होता. अर्ध्या रस्त्यापुरतं फुकट द्यायचं, म्हणजे बाकीचा अर्धा माणूस विकत घेतोच. पण पोरीचाही डाव दिसून राहिला होता. संत्र्याचा बगिचा ठेक्यानं द्या आणि कायमचे इकडं या, हे तिचं तेरवीपासून चालू होतं. ती स्वतः मात्र तेरवीनंतर एकदाही आली नव्हती. आईशिवायचं घर पाहवत नाही, म्हणायची. मी त्याच घरात राहत होतो.

दोन दिवस विचार केला आणि फोन लावला. "माह्या पॉइंटवर तुह्या नावाचं तिकीट निघते काय?"

"निघते. काहून?"

"मंग उलटं काढ. बंगलोर ते नागपूर. तू ये."

ती म्हणाली, "पॉइंटचं तिकीट वापस नाही होत बाबा. एकदा काढलं का काढलं."

"म्हणूनच तं म्हणून राहिलो."

फुकटच्या तिकिटावरही कर भरावा लागला, हे तिनं मला नंतर सांगितलं.

बगिच्यात आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती तेव्हा ती आली. सौंसरच्या स्टँडवर नागपूरच्या बसमधून ती खाली उतरेपर्यंत मला खरं वाटलं नव्हतं. घरी आली, उंबऱ्यात थांबली, मग सरळ आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी चहा मांडला. तो दोनदा गरम करावा लागला.

चार दिवस राहिली. परतीचं तिकीट तिनं पैशानं काढलं. निघताना म्हणाली, "याचे पॉइंट आता माह्या खात्यात जमा होतात."

म्हणजे आता तीही त्यांच्या जाळ्यात. एरवी मी स्टँडपर्यंत बडबड केली असती. या वेळी बसमध्ये तिची बॅग चढवताना एवढंच विचारलं, "असे किती झाले म्हणजे नागपूरचं एक तिकीट होते?"